परकार सरांनी राखलेला शब्द

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. हजला गेलो तेव्हा काब्यासमोर उभं राहून सगळ्या खानदानासाठी दुआ मागितली, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी मागितली — आणि ही एक गोष्ट जिभेवर आली तशी गिळून टाकली. ज्याला सगळं ठाऊकच आहे त्याच्यापासून काय लपवायचं? पण मी लपवलं. माणूस असा असतो. म्हणजे — मी असा आहे.

आता तुम्ही समोर बसलाच आहात तर ऐका. अडखळत सांगेन. ही गोष्ट मनात जन्मभर आहे, पण तिला शब्दांत कधी आणलंच नव्हतं.

साठच्या दशकातलं दुबई. तुम्ही आज बघता ते नव्हे. अमिरात नावाचा देशच तेव्हा नव्हता. एक खाडी, तिच्या या अंगाला देरा, त्या अंगाला बर-दुबई, मध्ये माणसं ने-आण करणाऱ्या लाकडी होड्या, आणि मागे नुसती वाळू. मुंबईहून आलेली बोट बाहेर समुद्रातच उभी राहायची, तिथून पडावात बसून आत यायचं. मी आलो तेव्हा पडावात उठून उभाच राहिलो. आमच्या कोकणात आकाशाला कड असते हो — कुठे डोंगराची, कुठे माडांची. इथे कडच नव्हती. पडाववाला ओरडला, "बस खाली, मरायचंय काय?" मी बसलो, पण तोंड उघडंच राहिलं होतं.

तसं तोंड उघडं राहण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे आले. त्यातले बहुतेक एका माणसामुळे आले. परकार सर.

सर रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. उंच, किंचित वाकलेले, आवाज इतका हळू की ऐकायला पोरांना गप्प व्हावं लागे. आमच्यातले पाचसहा जण शिकून नोकरीसाठी दुबईला आले, आणि काही काळाने सरही आले. गफूरशेठ म्हणून आमच्याच भागातले मोठे व्यापारी होते, देऱ्यात त्यांची गोदामं होती. त्यांनी सरांना सुपरवायझर म्हणून बोलावून घेतलं. पण खरं बोलावलं ते फुटबॉलसाठी. शेठना संघ हवा होता. कापड त्यांचं, बूट त्यांचे, आणि सर आमचे.

संघाला नाव असं नव्हतं. लोक नुसतं 'कॉलेज' म्हणायचे. आम्ही पाचसहा जण कॉलेजचे, बाकी कुणी ड्रायव्हर, कुणी सुतार. पण देऱ्यातला प्रत्येक कोकणी मुसलमान — ज्याने शाळेचा उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता तो खलाशी, तो बावर्ची — छाती काढून सांगायचा, "आज आपल्या कॉलेजची मॅच आहे." मला त्याचं फार नवल वाटायचं. घरदार सोडून आलेल्या माणसाला काहीतरी आपलं लागतं. त्यांनी आम्हाला आपलं केलं होतं.

मैदान म्हणजे वस्तीमागची, खाडीलगतची मिठाची जमीन, सिमेंटसारखी कडक. रेघा मारायच्या त्या इंजिनच्या जळलेल्या तेलाने. गोलचे खांब म्हणजे गलबतांवरून आलेल्या बल्ल्या. सुरुवातीच्याच दिवसांत एकदा उत्तरेचा वारा सुटला होता, वाळू डोळ्यांत जात होती, आणि आम्ही म्हणत होतो, सर, आज खलास, आज खेळणं नाही. सरांनी चपला काढल्या. चेंडू कोपऱ्यावर ठेवला. थोडा वेळ नुसते उभे राहिले, गालाने वारा ऐकत असावेत तसे. मग मारला. चेंडू मैदानाच्या बाहेर गेला, चक्क बाहेर — आणि वाऱ्याने तो परत आणला, वळवला, आणि दूरच्या खांबाच्या आतून गोलमध्ये ठेवला. मी 'ठेवला' म्हणतो. दुसरा शब्द नाही. बघायला पठाण मजूर आणि बलुची हमाल उभे होते. एक म्हातारा पठाण पुढे आला आणि त्याने सरांच्या कपाळाचा मुका घेतला. सर लाजले. म्हणाले, "मी कुठे काय केलं? वाऱ्याने केलं."

अशा माणसाशी मी जे केलं ते सांगायचंय. वळणं घेत सांगतोय, कळतंय मला.

हमीदबद्दल सांगायला हवं आधी. हमीद माझा कॉलेजातला मित्र. देऱ्यात आम्ही एकाच खोलीत राहायचो, एकाच भांड्यात भात शिजवायचो. तो सिमेंटच्या गोदामात कारकून होता. संध्याकाळी आला की भुवयासुद्धा पांढऱ्या. हसरा, बडबड्या. आणि मैदानात? मैदानात तो धावायला लागला की लोक बसल्या जागेवरून उठायचे. त्यांना कळायचंही नाही आपण उठलो ते. लेफ्ट आउटला, म्हणजे पुढच्या फळीत डाव्या कडेने खेळायचा. मीही लेफ्ट आउटच. म्हणजे तो खेळायचा, आणि मी बाहेर बसून त्याचे बूट सांभाळायचो. कॉलेजात तसंच, दुबईत तसंच.

मला त्याचा राग होता का? नाही. शपथेवर सांगतो, राग नव्हता. मीसुद्धा बाकीच्यांसारखा उठून उभा राहायचो. पण उभा राहिल्यावर आत कुठेतरी दुखायचं.

दर वर्षी ईदनंतर मोठी मॅच व्हायची, आमची आणि गोदीवाल्यांची. गोदीचे लोक दणकट, आणि आम्ही त्यांच्याकडून दोनदा हरलो होतो. त्या वर्षी मात्र हमीद असा काही खेळत होता की अख्ख्या देऱ्याला खात्री होती. न्हाव्याच्या दुकानात, मशिदीच्या पायऱ्यांवर, होडीत — एकच विषय. इराणी व्यापारी यायचे होते, अरब शेख मंडळी यायची होती, गफूरशेठनी पाहुण्यांसाठी गालिचे अंथरायचं ठरवलं होतं. आणि मला — मला खेळायचं होतं. एकदा. ती माणसं माझ्यासाठी उठलेली मला बघायची होती. यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही. असतं तर बरं झालं असतं.

मॅचच्या आठवडाभर आधी, दुपारी, सर खाडीच्या काठावर माल उतरवून घेत होते. मी तिथे गेलो ते एवढंच विचारायला — सर, शेवटची थोडी मिनिटं तरी मला घ्याल का? खोटं बोलायला गेलो नव्हतो. हे खरं आहे, पण त्याने काही फरक पडत नाही.

मी तोंड उघडायच्या आत सरांनीच विचारलं, "यूसुफ, हमीद हल्ली फार खोकतो रे. का?"

सिमेंटच्या धुळीने खोकायचा, दुसरं काय. गोदामातले सगळेच खोकायचे. तेवढं सांगायचं होतं. पण मी क्षणभर थांबलो. त्या थांबण्यातच सगळं घडलं. मी थांबलो म्हणून सरांचा चेहरा बदलला. आणि तो बदललेला चेहरा बघून माझ्या तोंडातून निघालं —

"रक्त पडतंय, सर."

सर शेजारच्या गाठोड्यावर बसले. आणि ऐका, ज्यासाठी मी इतकी वळणं घेतली ते हे — मला ठाऊक होतं. कॉलेजातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. सरांचा धाकटा भाऊ क्षयाने गेला होता, मिरजेला, सरांच्या मांडीवर. सरांनी लग्न केलं नाही ते त्या दुखण्याच्या धास्तीने, असंही लोक म्हणायचे. हे सगळं ठाऊक असून मी ते वाक्य उच्चारलं. आणि त्यांचा चेहरा बघूनही परत घेतलं नाही. उलट वाढवलं. म्हणालो, डॉक्टरला दाखवलंय. गोळ्या चालू आहेत. धावायला मनाई आहे, पण तो ऐकत नाही. आणि कुणाला सांगू नका सर, कंपनीला कळलं तर त्याला पहिल्या बोटीने परत पाठवतील, घरी आई आहे, दोन बहिणी आहेत. त्यालाही सांगू नका की मी बोललो. त्याने मला शपथ घातलीय.

बघा, किती नीट. एकही भोक ठेवलं नाही.

सरांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस. तू त्याचा खरा दोस्त आहेस." आणि म्हणाले, "माझ्या तोंडून हे कधी बाहेर पडणार नाही. अल्लाची कसम."

पुढचे दिवस सर रोज संध्याकाळी आमच्या खोलीवर यायचे. हमीदसाठी उकडलेली अंडी, दुधाच्या पावडरीचा डबा, कधी मध. हमीद हसून लोळायचा. "सरांना काय झालंय रे? मला लग्नाच्या बोकडासारखं पोसतायत!" मीही हसायचो. हसलो हो मी.

मॅचच्या दिवशी सकाळी सरांनी नावं वाचली. लेफ्ट आउट — यूसुफ. हमीदला वाटलं चुकून झालं. तो म्हणाला, "सर, मी?" सर म्हणाले, "तू आज बस, बाळा." एवढंच. हमीदने वाद घातला नाही. सरांशी आम्ही वाद घालत नसू. तो गेला आणि मी त्याचे बूट सांभाळत बसायचो त्या जागी बसला.

मॅचचं काय सांगू? हजारो माणसं होती की काय असं मला वाटलं. गलबतांच्या डोलकाठ्यांवर पोरं चढली होती. समुद्राच्या बाजूने ऊन तिरपं येत होतं आणि सगळं मैदान मिठाने चमकत होतं. मी आत उतरलो. आणि मग त्या सगळ्या गर्दीतून एकच हाक यायला लागली — "हमीद! हमीद कुठाय?" मी धावत होतो आणि लोक हमीदला हाका मारत होते. एकदा चेंडू माझ्याकडे आला, समोर गोली पडलेला, गोल उघडा. "यल्ला यूसुफ, मार!" कुणीतरी ओरडलं. मी मारला तो खांबाच्या बाहेर गेला. आम्ही एका गोलने हरलो.

कुणी उठून उभं राहिलं नाही. उभे राहिले ते घरी जायला.

पुढचा जुम्मा. नमाज झाल्यावर सगळे मुस्तफाच्या चहाच्या हॉटेलात जमले. बाकं पुरेनात, लोक दारात, रस्त्यावर. विषय एकच — परकार सरांना ठेवायचं की काढायचं. आज तुम्ही टीव्हीवर बघता ना, मॅच हरल्यावर लोक कोचची कशी चिरफाड करतात? तेच. फक्त इथे प्रत्येकाला वाटत होतं की त्याच्या घरातलं कुणी गेलंय.

"तिसऱ्यांदा हरलो. तिसऱ्यांदा! कॉलेज म्हणायची लाज वाटते."

"म्हातारे झाले सर. डोकं चालत नाही आता."

"अरे, संघ कुणी उभा केला? तुमच्या बापाने?" हा महमूद, हर्णैचा बावर्ची. एकटाच सरांच्या बाजूने भांडत होता. "ज्याने तुम्हाला चेंडू मारायला शिकवलं त्याला एका मॅचसाठी हाकलता?"

"एका मॅचसाठी नाही. हमीदसाठी. सोन्यासारखा पोरगा बाहेर बसवला. का? कुणाला खूश करायला?"

"गोदीवाल्यांनी पैसे चारले असतील!"

यावर महमूद मारायलाच धावला. गफूरशेठनी त्याला बसवलं. मग शेठ माझ्याकडे वळले. "यूसुफ, तू मैदानात होतास. सरांचा जवळचा आहेस. तू सांग, सरांनी असं का केलं?"

चहाच्या किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं. तुम्ही म्हणाल, हीच वेळ होती. हो. हीच होती. मी म्हणालो, "मी काय सांगणार, शेठ? सरांचा निर्णय. मलाही नवल वाटलं."

मलाही नवल वाटलं! हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. माझ्याच आवाजात.

तेवढ्यात सर आले. कुणी बोलावलं नव्हतं. गर्दीने वाट दिली. ते आत येऊन उभे राहिले, कुणी बसा म्हणालं नाही. गफूरशेठ भले माणूस, त्यांना हे जड जात होतं. म्हणाले, "सर, एकच सांगा. हमीदला का बसवलं? कारण सांगा, आम्ही सगळे गप्प बसतो. तुम्हीच कोच, पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही."

सर म्हणाले, "कारण होतं."

"काय कारण?"

"ते माझ्यापाशी राहू द्या."

आरडाओरड सुरू झाली. त्या गोंगाटात सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलणार, किंवा नजरेने तरी विचारणार — सांगू का रे? पण त्या नजरेत प्रश्न नव्हता. त्यांनी डोळे किंचित मिटले आणि उघडले. लहान पोराला आपण करतो ना तसं — घाबरू नको, मी आहे. त्यांना वाटलं, मी हमीदच्या काळजीने घाबरलोय. ते मला धीर देत होते.

कधी विचार केलाय, माणूस किती मोठा असू शकतो? मी केला नव्हता. त्या हॉटेलात, त्या ओरडणाऱ्या माणसांमध्ये मला पहिल्यांदा ते दिसलं, आणि पडावात उभा राहिलो होतो तसा मी आतल्या आत उभा राहिलो. समोर कड नसलेलं काहीतरी होतं. आणि ते बघून मी काय केलं? काही नाही.

मग हमीद उठला. "सर, मी काय चुकलो तेवढं तरी सांगा. मी तुमचं काय वाईट केलं?"

सर त्याच्याजवळ गेले. सगळ्यांसमोर त्याच्या छातीवर हात ठेवला, अगदी हलका. म्हणाले, "तू काहीच चुकला नाहीस, बाळा. तू त्या गोदामातून बदली मागून घे. धूळ वाईट असते."

लोक हसले. एवढ्या मोठ्या प्रश्नाला हे उत्तर! कुणीतरी म्हणालं, बघा, डोकं फिरलंय. हमीदने सरांचा हात बाजूला केला.

शेठनी हात वर करायला सांगितले. सर नकोत असं ज्यांना वाटतं त्यांनी. बाकांवरून, दारातून, रस्त्यावरून हात वर आले. महमूदने दोन्ही हात काखेत घालून ठेवले. हमीद जमिनीकडे बघत राहिला आणि शेवटी त्याचाही हात वर गेला.

माझाही.

आता तुम्हाला कळलं. खोटं बोललो एवढंच असतं तर ते कदाचित मी हजला कबूल केलं असतं. तो माणूस मला दिलेला शब्द राखत माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याच्याविरुद्ध हात वर केला. माझ्या हाताकडे त्यांनी पाहिलं. तेव्हाही त्यांनी मान हलवली — बरोबर केलंस, नाहीतर लोकांना संशय येईल. असंच म्हणायचं होतं त्यांना, मला खात्री आहे.

गफूरशेठनी त्यांना गोदामातून काढलं नव्हतं. पण सर राहिले नाहीत. चारसहा दिवसांत ते एका ठेकेदाराबरोबर अल ऐनकडे निघून गेले. आत वाळवंटात, दूर. तेव्हा तिकडे नीट रस्ताही नव्हता.

दीडएक वर्षाने माझ्या कंपनीचं सामान घेऊन मी तिकडे गेलो. दिवसभर वाळूतून लँडरोव्हर चालली. आणि मग अचानक खजुरीची दाट झाडी लागली, आत गारवा, आणि झाडांच्या मुळांतून वाहणारा पाण्याचा दगडी पाट. एवढ्या कोरड्या जगात ते पाणी कुठून येत होतं? मी गाडीतून उतरून तसाच बघत राहिलो. झाडीच्या पलीकडे पोरांचा गलका ऐकू आला. अरब पोरं अनवाणी खेळत होती, आणि मध्ये परकार सर, पायजमा वर खोचलेला, अरबीत ओरडत होते. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. खूश दिसत होते.

मला बघितलं आणि धावत आले. मिठी मारली. पहिला प्रश्न काय असावा?

"हमीदची छाती कशी आहे?"

मी तिथवर जाताना ठरवलं होतं — खरंच ठरवलं होतं — की आज सांगायचं. पाय धरायचे. पण त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले होते आणि त्यांचे डोळे... मी म्हणालो, "बरा आहे, सर. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरा झाला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

सर पाटाजवळ गेले, घाईघाईने हातपाय-तोंड धुऊन वजू केला, आणि तिथेच वाळूवर, मक्केच्या दिशेला तोंड करून, कपाळ टेकून सजद्यात गेले. पोरं खेळायची थांबली. सर उठतच नव्हते. त्यांची पाठ हलत होती. उठले तेव्हा कपाळाला आणि दाढीला ओली वाळू चिकटली होती आणि ते रडत हसत होते. म्हणाले, "प्रत्येक नमाजात त्याचं नाव घेत होतो रे. भावाच्या वेळी माझं ऐकलं नव्हतं अल्लाने. या वेळी ऐकलं."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. कधीच न झालेला आजार बरा झाल्याबद्दल एक माणूस देवाचे आभार मानत होता, आणि ती शुक्रगुजारी इतकी खरी होती की मला वाटलं, आत्ता इथे जमीन हलेल. जमीन हलली नाही. पोरांनी चेंडू पुन्हा उचलला.

निघताना त्यांनी खजुराची करंडी दिली. "हमीदला दे. छातीला चांगला असतो. माझं नाव नको सांगू, त्याला राग येईल." मी ती हमीदला दिली. बाजारातून आणली म्हणालो. त्याने खजूर खाल्ला. फार गोड आहे म्हणाला.

सर पुढे कोकणात परत गेले आणि आपल्या गावी वारले. ती बातमी दुबईत आली तेव्हा महमूद रडला. आम्ही काही जण मशिदीत दुआ मागायला बसलो. हमीद आला नाही. कामाचं निमित्त सांगितलं. मी दुआत बसलो, हात वर केले, आमीन म्हणालो.

हमीद अजून आहे. मीही आता रत्नागिरीलाच असतो, त्याचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला. फुप्फुसं ठणठणीत आहेत, या वयात घाटीची चढण चढतो. त्याचा नातू शारजाहून येतो, फुटबॉलचा वेडा, आजोबांना इंग्रजीत प्रश्न विचारतो. हमीद त्याला जुन्या मॅचच्या गोष्टी सांगतो — मिठाची जमीन, गोदीवाले, डोलकाठ्यांवरची पोरं. मग सांगतो की आमचा एक कोच होता, फार हुशार, पण दिल साफ नव्हता. "मला बाहेर बसवलं आणि कारणसुद्धा दिलं नाही. विचार या यूसुफ आजोबांना," तो म्हणतो. "ते होते तिथे."

पोरगा माझ्याकडे बघतो.

मी मान हलवतो. हो म्हणून. मागच्या ईदलाही हलवली.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. हमीदला नाही.